बोरघाट चढवणारी वीज

पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबली की मागून हलका धक्का बसतो. शेवटच्या डब्यामागे बँकर इंजिनं जोडली जात असतात. कर्जतच्या पुढे लागणाऱ्या बोरघाटाचा चढ काही ठिकाणी ३७ला एक, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी एक मीटर वर चढते. सगळा भार पुढच्याच इंजिनाने ओढला, तर डब्यांच्या कपलिंगवर फार ताण येतो. मागून रेटलं की तो विभागला जातो.

१८६३ साली घाटातली रेल्वे सुरू झाली ती वाफेच्या इंजिनांवर. ३ फेब्रुवारी १९२५ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी धावली आणि काही वर्षांतच वीज घाटातही पोचली.

विजेची खरी कमाल मात्र उतारावर! तिथे चाकंच मोटर फिरवतात, मोटर जनित्राचं काम करते, वेग आवरतो आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत जाते. त्याच वेळी घाट चढणारी दुसरी गाडी ती वापरू शकते. वाफेच्या इंजिनात जळलेला कोळसा असा परत मिळत नसे. रस्त्यावरच्या विजेच्या बसही ब्रेक लावताना याच तत्त्वाने आपली बॅटरी थोडी भरून घेतात.