दिव्यांग विद्यार्थी आणि समान संधीचा हिशेब



२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांतील ५ ते १९ वयोगटातील ६१ टक्के मुले शिक्षणसंस्थेत जात होती. २७ टक्के मुलांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. उरलेली मुले शाळेत येऊन गळाली. ही गळती कायद्याच्या अभावी झाली, असे म्हणता येत नाही. १९९५ च्या अधिनियमानेच वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाची आणि शासकीय संस्थांत ३ टक्के जागांची तरतूद केली होती.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतील आरक्षण किमान ५ टक्के झाले. मात्र त्याचा लाभ ४० टक्के वा अधिक, म्हणजे ‘लक्षणीय’ दिव्यांगत्व असणाऱ्यांनाच मिळतो. या कायद्यातील अधिक महत्त्वाची कल्पना आहे ती वाजवी सोयीची. ती नाकारणे हाही भेदभावच, असे कायदा मानतो.

परीक्षार्थींच्या परिचयाचेच उदाहरण घेता येईल. नागरी सेवा परीक्षेच्या एका उमेदवारास लेखनातील व्याधीमुळे लेखनिक हवा होता. ४० टक्क्यांची अट पुढे करून तो नाकारण्यात आला. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या विशिष्ट लाभांसाठी आहे. लेखनिकाची सोय तिच्याशी जखडता येणार नाही. त्यानंतर केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये अशा उमेदवारांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. लेखनिक किंवा तासामागे २० मिनिटांचा वाढीव वेळ मिळाल्याने इतरांवर अन्याय होतो, अशी कुजबुज परीक्षा केंद्रांवर अजूनही ऐकू येते. ती तर्काला धरून नाही. उमेदवाराचे ज्ञान मोजायचे असताना त्याच्या बोटांचा वेग मोजला गेला, तर ते मोजमापच चुकीचे ठरते.

खर्चाचा आक्षेपही तपासून पाहावा. शाळेची इमारत बांधतानाच उतरंड ठेवली तर एकूण खर्चात फारसा फरक पडत नाही. तयार इमारत फोडून ती बसवणे मात्र महागात पडते. खरी चणचण आहे ती विशेष शिक्षकांची. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे आणि त्यापुढील स्तरावर १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण घालून दिले. शिक्षकाचे वेतन हा दरवर्षीचा खर्च असतो. तो अंदाजपत्रकातूनच यावा लागतो. आणि एकदाच बांधायच्या उतरंडीपेक्षा असा खर्च पुढे ढकलणे सोपे असते.

पुस्तकांच्या बाबतीत भारताने आघाडी घेतली. २०१२ मध्ये स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती होऊन सुगम्य प्रती तयार करण्याची मुभा मिळाली आणि २०१४ मध्ये मराकेश कराराचे अनुसमर्थन करणारा भारत पहिला देश ठरला. परवानगीचा अडसर त्यामुळे दूर झाला. क्रमिक पुस्तक वर्ष सुरू होतानाच ब्रेल वा ध्वनिरूपात हाती पडणे, हे काम मात्र छापखान्याचे आणि शिक्षण विभागाचे आहे.