जनरेटर सारखा बंद पडतो, तेव्हा

आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या एका बचत गटाच्या सहा जणी. आज आम्ही तुम्हाला आमच्या जनरेटरची गोष्ट सांगणार आहोत. तुमच्याकडे जनरेटर नसला तरी ऐका. लग्नात, मंडईत, नाटकाच्या मंडपात तो आपल्या आजूबाजूला असतोच.

भाऊबीज झाली की आपल्याकडे मंडई सुरू होते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आज लाखनीकडच्या गावात, उद्या साकोलीकडे, परवा लाखांदूरकडे. दिवसा दंडार, रात्री नाटक. नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि बघणाऱ्यांना चहा लागतो, आलुबोंडा लागतो, तर्री-पोहे लागतात. म्हणून आम्ही गटातून कर्ज काढलं, एक जुना मालवाहू टेम्पो घेतला आणि त्यात स्वयंपाकघर केलं. दिव्यांसाठी, मिक्सरसाठी आणि लहान फ्रिजसाठी पेट्रोलवरचा एक छोटा जनरेटर घेतला. तोही जुनाच. टेम्पोच्या मागच्या बाजूला पत्र्याची पेटी करून तिच्यात तो बसवला. आवाज कमी येईल आणि चोरीलाही जाणार नाही, असा आमचा हिशेब.

पहिल्याच मंडईत त्याने रडवलं. सुरू केला, पाच मिनिटं चालला, बंद. परत दोरी ओढली, परत बंद. कढईत तेल तापलेलं, समोर गिऱ्हाईक, आणि टेम्पोत अंधार. तिथल्या एका मिस्त्रीभाऊंनी पाहिलं आणि म्हणाले, “बाई, ही ऑइलची वायर काढून टाकतो. मग नाही बंद पडणार.”

आमच्यातल्या मोठ्या बाई म्हणाल्या, “थांबा जी. उंदीर दिसला म्हणून मांजरीलाच हाकलायचं का?”

बाईंचं बरोबर होतं. बहुतेक लहान जनरेटरमध्ये ऑइलवर नजर ठेवणारा एक स्विच असतो. इंजिनातलं ऑइल कमी झालं की तो इंजिन बंद करतो. ऑइलशिवाय इंजिन चाललं तर आतले भाग घासून जाम होतात आणि मग नवीन इंजिनाचाच खर्च. ती वायर म्हणजे आपली राखण आहे. ती काढायची नाही.

मग बंद का पडत होता? टेम्पोचं एक चाक धुऱ्यावर आणि एक खाली होतं. जनरेटर कलला की ऑइल एका बाजूला जातं आणि स्विचला वाटतं, ऑइल संपलं. आम्ही टेम्पो सपाट जागी आणला. इंजिन थंड झाल्यावर मापाची काडी काढून पुसली आणि ऑइल पाहिलं. थोडं कमीही होतं, ते भरलं. पाच मिनिटांचा त्रास गेला.

पण दुसऱ्या मंडईत नवीन त्रास. आता तो अर्धा तास छान चालायचा आणि मग गुरगुरून बंद. वीस मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. कोणी म्हणालं प्लग बदला, कोणी म्हणालं कार्बोरेटर बदला, कोणी म्हणालं विकून टाका. प्लग बदलला. पैसे गेले, फरक शून्य.

तेव्हा आम्ही ठरवलं, आता अंदाजाने पैसे घालायचे नाहीत. गटाच्या पैशाची वही ठेवतो, तशी जनरेटरची वही ठेवायची. कधी सुरू केला, कधी बंद पडला, तेव्हा काय काय चालू होतं, बंद पडताना आवाज कसा होता. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही.

वहीतला पहिला प्रश्न हा: इंजिन बंद पडतं, की इंजिन चालू असून फक्त वीज जाते? इंजिन चालू आणि दिवे बंद असतील तर बहुतेक वेळा भार जास्त झालेला असतो आणि जनरेटरवरचं बटण खाली पडलेलं असतं. भाराचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक वस्तूवर वॅट लिहिलेले असतात, त्यांची बेरीज करा. मिक्सर ७५० वॅट, चहाची विजेची किटली १५०० वॅट, म्हणजे दोनच वस्तूंचे २२५० झाले. फ्रिज आणि मोटर सुरू होताना चालू असण्यापेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतात, म्हणून त्यांना एकेक करून सुरू करायचं. जनरेटरच्या पाटीवर सतत चालण्याचा जो वॅटचा आकडा असतो, त्याच्या आतच राहायचं. आमची बेरीज आत होती आणि आमचं इंजिनच बंद पडत होतं. म्हणजे दोष दुसरीकडे होता.

दुसरा प्रश्न: पेट्रोल पोचतं का? टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असतं. ते धुळीने बुजलं की पेट्रोल खाली गेल्यावर हवा आत येत नाही, टाकी पेट्रोल सोडत नाही आणि इंजिन थोड्या वेळाने बंद पडतं. आम्ही जनरेटर अंगणात दिवसा तपासला, जवळ चूल नाही, विडी नाही. बंद पडल्यावर झाकण हळूच सैल केलं. हवा आत ओढल्याचा आवाज आला असता आणि लगेच इंजिन सुरू झालं असतं, तर झाकणाचा दोष. तसं झालं नाही. पेट्रोल जुनं होतं का, तेही पाहिलं. महिनोन्‌महिने टाकीत राहिलेलं पेट्रोल खराब होतं, त्याचा चिकट गाळ कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात बसतो. हंगाम संपला की टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवायचे. आम्ही ताजं पेट्रोल भरलं, तरी तेच.

तिसरा प्रश्न: हवा मिळते का? एअर फिल्टर उघडला तर धान मळणीचा सगळा धुरळा त्यात. त्याचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुतला, पूर्ण सुकवला, थोडं इंजिन ऑइल लावून पिळला आणि बसवला. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. पण बंद पडणं सुटलं नाही.

मग धाकटी जाऊ म्हणाली, “याला पेटीतून बाहेर तर काढून पाहू.” चौघींनी उचलला, मोकळ्या जागी सपाट फळीवर ठेवला, तेवढेच दिवे आणि तेवढाच फ्रिज लावला. एक तास झाला, दोन तास झाले, चालूच. दोष जनरेटरचा नव्हता, आमच्या पेटीचा होता. हे इंजिन हवेनेच थंड होतं. पेटीत ते स्वतःचीच गरम हवा आणि स्वतःचाच धूर पुन्हा आत ओढत होतं.

आणि मैत्रिणींनो, तेव्हा आमच्या अंगावर काटा आला. कारण वहीत वेळ लिहिताना आणखी एक गोष्ट लिहिली गेली होती. टेम्पोत भजे तळायला बसणाऱ्या आमच्या धाकटीचं डोकं दर रात्री दुखायचं, मळमळायचं. आम्ही म्हणायचो, जागरण झालं, पित्त झालं. पण ज्या रात्री जनरेटर जास्त वेळ चालला, त्याच रात्री तिला जास्त त्रास झाला होता. पेटीतला धूर फटीतून टेम्पोत येत होता. त्या धुरात कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. डोकं दुखतं, चक्कर येते, उलटी होते, मग माणूस झोपतो तो उठतच नाही. जनरेटर बंद पडत होता म्हणून आम्ही त्याला शिव्या देत होतो. तो न थांबता रात्रभर चालला असता, तर आमची जाऊ आज तुमच्याशी बोलायला इथे बसली नसती.

आता आम्ही जनरेटर टेम्पोपासून निदान २० फूट लांब, मोकळ्यावर ठेवतो. धुराचं तोंड माणसांच्या उलट दिशेला आणि वारा टेम्पोकडून जनरेटरकडे वाहील असं पाहतो. मध्ये जोड नसलेली जाड केबल घेतली आहे. चोरीसाठी साखळी लावली, आणि एक जण पाळीने लक्ष ठेवते. पेट्रोल भरायचं तर आधी जनरेटर बंद, मग तो थंड होऊ द्यायचा, शेगडी लांब.

आमची खूण ध्यानात ठेवा. लगेच बंद पडला तर ऑइल आणि सपाट जागा पाहा. तापल्यावर बंद पडला तर झाकण, फिल्टर आणि मोकळी हवा पाहा. हे सगळं नीट असूनही बंद पडला तर मिस्त्रीकडे न्या आणि वही सोबत न्या, म्हणजे त्याचाही वेळ वाचेल. आणि जनरेटरजवळ कोणाचं डोकं दुखू लागलं, चक्कर आली, तर आधी त्या माणसाला मोकळ्या हवेत न्या, जनरेटर बंद करा आणि १०८ ला फोन लावा. घरात, पडवीत, बंद मंडपात जनरेटर लावायचा नाही. खिडकी उघडी ठेवली तरी नाही.

या वर्षीच्या मंडईत आम्ही भेटलोच तर चहाला या. धाकटीच्या हातचा. आता तिचं डोकं दुखत नाही.