ज्यूरीला कायदा कोण सांगतं?





लोकमान्य टिळक 1897 साली मुंबई हायकोर्टात उभे होते.
आरोप राजद्रोहाचा.
कारण, ‘केसरी’तला मजकूर.

समोर नऊ जणांची ज्यूरी. सहा युरोपियन, तीन हिंदी.
दोषी की निर्दोष, हे ज्यूरी ठरवणार.
पण कायदा काय म्हणतो, हे ज्यूरीला न्यायाधीश सांगणार.

खरी गोम इथेच होती.

न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितलं, राजद्रोहाच्या कलमातली ‘अप्रीती’ म्हणजे सरकारबद्दल प्रेम नसणं.
आता परक्या सरकारवर प्रेम करणारा माणूस शोधायचा तरी कुठे?

सहा युरोपियन म्हणाले, दोषी.
तिघे हिंदी म्हणाले, निर्दोष.
शिक्षा झाली दीड वर्षाची.

टिळकांच्या वकिलांनी अपिलाची परवानगी मागितली. ज्यूरीला कायदाच चुकीचा सांगितला, हा त्यांचा मुद्दा.
तो ऐकायला बसलेल्या फुल बेंचवर एक न्यायमूर्ती कोण?
पुन्हा स्ट्रॅचीच!
परवानगी नाकारली गेली.
लंडनला प्रिव्ही कौन्सिलमध्येही नकारच.

पुढे नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात मात्र उलटं घडलं.
तिथे ज्यूरीने आरोपीला निर्दोष म्हटलं होतं.
पण न्यायाधीशांनी ज्यूरीला कायदा नीट सांगितला नव्हता, हे 1961 साली सुप्रीम कोर्टाने मान्य केलं.
हायकोर्टाने नानावटींना दिलेली जन्मठेप कायम राहिली.