लस टोचताना सुई बदला



गावात लस आली की आपण जनावरं घेऊन जातो. पण ती कशाने टोचली, हे कोणी पाहत नाही. आज तेवढंच बोलू.

२०२१ साली करोनाच्या झायकोव्ह-डी या बिनसुईच्या लसीसाठी राज्यातून नाशिक आणि जळगाव जिल्ह्यांची निवड झाली होती. परदेशात गाईगुरांसाठीही अशी यंत्रे वापरतात. यंत्राच्या बारीक छिद्रातून लस जोराने बाहेर पडते आणि कातडी भेदून आत जाते. त्यामुळे सुई मोडून मासात राहत नाही, टोचणाऱ्याच्या हातात घुसत नाही. पण यंत्र महाग असते. कातडीच्या जाडीप्रमाणे दाब ठेवावा लागतो. जनावर हलले, तर लस बाहेरच सांडते. तोंडाला रक्त लागले, तर यंत्रही पुसून स्वच्छ करावे लागते.

साध्या सुईने लस हव्या त्या जागी जाते. लम्पीसाठी शेळ्यांच्या देवीची लस कातडीखाली, तर लाळ-खुरकुताची खोल मासात देतात. सुईचा मोठा दोष असा. एकीच्या रक्तातला रोग ती दुसरीच्या अंगात नेते. २०२२ च्या ऑगस्टात जळगाव जिल्ह्यात लम्पी दिसला आणि पुढे राज्यभर पसरला. तो मुख्यतः डास, माश्या आणि गोचिडांमुळे पसरतो, पण आजारी जनावराला टोचलेली सुईही तो पसरवू शकते.

म्हणजे बिनसुईच्या यंत्राचा मोठा फायदा आपल्याला आजच, थोडक्या पैशांत मिळू शकतो. त्यासाठी एवढे करा :

१. दर जनावराला नवी सुई लावायला सांगा. संकोच करू नका.

२. बाटलीतून लस काढण्यासाठी वेगळी सुई ठेवावी. वापरलेली सुई बाटलीत घातली, तर सगळी लस बिघडते.

३. सुई, पिचकारी औषधी पाण्याने धुऊ नये. जिवंत लस त्याने मरते.

४. लस २ ते ८ अंश तापमानात, बर्फाच्या डब्यात असावी. उन्हात तापलेली लस कशानेही टोचली तरी वाया जाते.

५. जनावर खोड्यात किंवा दावणीला घट्ट धरा.

६. निरोगी जनावरांना आधी टोचून घ्या. आजारी जनावर वेगळे बांधून डॉक्टरांना दाखवा.

७. वापरलेल्या सुया उकिरड्यात टाकू नका, डॉक्टरांकडे परत द्या.

सुईची किंमत काही रुपये, गाईची हजारोंत. हिशेब तुम्हीच करा.