अरण्यातील शिरगणती



ज्या चंद्रपूर नगरीत 1979 साली वामन कृष्ण चोरघडे यांच्या आणि 2012 साली वसंत आबाजी डहाके यांच्या अध्यक्षतेखाली मराठी सारस्वतांचा मेळा भरला, त्याच नगरीत वन्यप्राण्यांच्या गणनेविषयी बोलण्याकरिता आपण मला उभे केलेत, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांना 2006 साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद देऊन महाराष्ट्राने अरण्यविद्येला शब्दांच्या दरबारात मानाचे आसन दिले. त्यामुळे अरण्याचा हिशेब मराठीत मांडताना संकोच बाळगण्याचे कारण मला दिसत नाही.

माझ्या उमेदीच्या काळात वाघांची गणती म्हणजे ठशांची गणती. पहाटे दव वाळण्यापूर्वी जंगलवाटेच्या फुफाट्यात उमटलेल्या पंजावर काच धरावयाची, चार बोटे आणि मागे तीन उंचवटे असलेली गादी काचेवरून कागदावर गिरवून घ्यावयाची, मागच्या पायाचा ठसा चौकोनी असेल तर नर आणि लांबट असेल तर मादी असा निर्णय द्यावयाचा, हा शिरस्ता होता. परंतु तोच वाघ मऊ चिखलातून गेला की थोर वाटे आणि कठीण मुरमावरून गेला की लहान. शिवाय गिरवणाऱ्याचा हात जितका सराईत, तितकाच आकडा खरा. राजस्थानात सरिस्का येथे दप्तरी वाघ नांदत असताना प्रत्यक्षात एकही उरलेला नाही, हे 2005 साली उघडकीस आले आणि त्या पद्धतीवरचा विश्वास उडाला. त्यानंतर वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे बांधण्याची पद्धत आली. वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे उजव्या कुशीशी जुळत नाहीत आणि एका वाघाचे पट्टे दुसऱ्याशी जुळत नाहीत, एवढ्या साध्या सत्यावर ती उभी आहे. या मोजणीनुसार महाराष्ट्रातील वाघ 2014 साली 190, 2018 साली 312 आणि 2022 साली 444 भरले, आणि या वाढीत ताडोबा-अंधारीचा व त्याच्या भोवतालच्या चंद्रपूर जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. हे यश वनरक्षकाच्या पायपिटीचे आहे, आणि ते मी आदराने मान्य करतो.

तथापि वाघाच्या आकड्यावर समाधान मानून थांबणे मला उचित वाटत नाही. वनरक्षक आपल्या नियतक्षेत्रात मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा आणि चितळ, सांबर, रोही यांचे कळप नोंदतो, तेव्हा त्याच्या नमुन्यात आणखी काही रकाने असतात: तोडलेली खोडे, छाटलेल्या फांद्या, गुरांच्या वाटा. प्राण्यांचा आकडा वर्तमानपत्रात झळकतो. हे मानवी हस्तक्षेपाचे रकाने मात्र दप्तरातच राहतात, आणि उद्याचे प्राणी किती असतील याचे उत्तर त्यांतच दडलेले असते.

गिधाडांचेच पाहा. आपल्या लहानपणी मेलेल्या गुरावर तुटून पडणारी ही पाखरे कोणी मोजली नव्हती, कारण ती उदंड होती. 1990 च्या दशकारंभापासून पंधरा वर्षांच्या आत देशातील पांढऱ्या पाठीची गिधाडे शेकडा 99 हून अधिक घटली. त्यांना कोणी बंदुकीने मारले नाही. दुखणाऱ्या बैलाला दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध त्याच्या मांसातून गिधाडाच्या पोटात गेले आणि त्याचे मूत्रपिंड निकामी झाले. 2006 साली सरकारने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. गडचिरोलीत वनखात्याने गावकऱ्यांच्या मदतीने गिधाडांसाठी उपाहारगृहे, म्हणजे औषधमुक्त मृत गुरे ठेवण्याच्या जागा, उभारली. ज्या गणकाने गोठ्यात डोकावून पाहिले नाही, त्याला अरण्यातील हा मृत्यू कधीच उलगडला नसता.

आणि माणूस? चैत्रातल्या पहाटे टोपली घेऊन मोहाच्या झाडाखाली वाकलेली बाई मी पाहिली आहे. फुले दिसावीत म्हणून तिने आदल्या सांजेला पालापाचोळा पेटविलेला असतो. त्या विस्तवाचा वणवा होतो, कोवळी रोपे जळतात, हे खरे. पण त्याच वाकलेल्या स्थितीत ती वाघाच्या तावडीत सापडते आणि दुपारी तिच्या दारात पंचनामा होतो, हेही तितकेच खरे. मोहफूल आणि तेंदूपत्ता यांचा हंगाम हा चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत मृत्यूचाही हंगाम ठरतो. या मृत्यूंना बाजूला ठेवून केलेली वाघांची गणती मी अपुरी समजतो, कारण वाघाला सहन करण्याची गावाची तयारी संपली की धानाच्या बांधीभोवतीच्या तारेत वीज सोडली जाते. कोळशाच्या खाणींनी, कालव्यांनी व लोहमार्गांनी वनाचे तुकडे होतात ते वेगळेच. नोव्हेंबर 2018 मध्ये चंद्रपूर-गोंदिया मार्गावर जुनोन्याच्या जंगलात वाघाचे तीन बछडे गाडीखाली गेले.

वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत तर सरहद्दच प्राण्यांना ठाऊक नाही. कोलामार्काच्या रानम्हशी इंद्रावतीचे पात्र ओलांडून छत्तीसगडात जातात व परततात. गावातील म्हशींशी त्यांचा संकर आणि गुरांचे रोग, हे त्यांच्यावरील मोठे संकट. 2021 साली रानटी हत्तींचा कळप ओडिशाकडून छत्तीसगडमार्गे येथे आला आणि धानाच्या शेतांत शिरला. दोन राज्यांची दोन दप्तरे एका कळपाला दोनदा मोजतील किंवा एकदाही मोजणार नाहीत, अशी ही अवस्था आहे.

म्हणून माझी एकच विनंती आहे. वर्षातून एक रात्र, बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून प्राणी मोजणे आनंदाचे असले तरी पुरेसे नाही. येथे जमलेल्या प्रत्येकाने आपल्या गावचा एक मामा (माजी मालगुजारी) तलाव किंवा एक वनकक्ष निवडावा आणि बाराही महिने त्याची वही ठेवावी. तीत प्राण्यांची नावे गोंडी, माडिया आणि झाडीबोलीतही लिहावीत, आणि शेजारच्याच रकान्यात तुटलेले झाड, पेटलेले रान, मेलेले जनावर आणि गेलेला माणूस यांचीही नोंद करावी. पुढल्या वर्षी येथे जमाल तेव्हा कृपा करून त्या वह्या बरोबर आणा.