हृदयाचा दुसरा कोतवाल



आज मी आपल्याला एका लहानशा यंत्राची माहिती सांगणार आहे. त्याचे नाव पेसमेकर. आपल्या चामोर्शीच्या बाजारात कोणी म्हणते, "अमक्याच्या छातीत मशीन बसवली." कोणी म्हणते, "बॅटरी बसवली." ती हीच. हे यंत्र काय करते, कोणाला लागते, कोठे मिळते आणि घरच्यांनी काय लक्षात ठेवावे, एवढेच आज बोलू.

पण आधी थोडे काम करू. उजव्या हाताची तीन बोटे डाव्या मनगटावर ठेवा. अंगठ्याच्या बाजूला ठेवा. हलके दाबा. काही उडते आहे ना? ती नाडी. माझ्या हातात घड्याळ आहे. मी "सुरू" म्हणतो, तुम्ही मोजा. एक मिनिट झाले की मी "थांबा" म्हणेन.

झाले? कोणाचे सत्तर आले असतील, कोणाचे ऐंशी. मोठे माणूस स्वस्थ बसलेले असेल तर मिनिटाला ६० ते १०० ठोके पडतात. मिनिटाला सत्तर धरले, तर दिवसरात्र मिळून सुमारे एक लाख ठोके होतात. आपण झोपतो. हृदय झोपत नाही.

हृदयाला हुकूम कोण देतो?

हृदयात चार कप्पे असतात. दोन वर, दोन खाली. वरच्या उजव्या कप्प्यात एक लहानशी जागा आहे. तेथे आपोआप वीज तयार होते. टॉर्चच्या सेलच्या मानाने ती फार थोडी असते. पण तिच्या इशाऱ्यावर हृदय आवळते आणि रक्त पुढे ढकलते. ही जागा इंग्लंडात १९०७ साली आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या दोघांनी शोधून काढली.

आता आपल्या गावचे उदाहरण घ्या. पूर्वी पाटील हुकूम देत. कोतवाल तो घेऊन गल्लोगल्ली दवंडी देई. मग गाव कामाला लागे. हृदयातही तसेच आहे. वरची जागा म्हणजे पाटील. वरून खाली हुकूम नेणारी एक वाट आहे. तो कोतवाल. खालचे दोन कप्पे म्हणजे गाव. खरे जड काम तेच करतात. सगळ्या अंगाला रक्त पुरवणारा कप्पा त्यांच्यातच आहे.

कधी पाटीलच थकतो. हुकूम उशिरा सुटतो. कधी पाटील हुकूम देतो, पण कोतवाल तो पोचवत नाही. वाट बंद पडलेली असते. मग खालचे कप्पे आपल्या मनाने काम करतात. पण ते मंद चालतात. मिनिटाला तीस-चाळीस ठोके, कधी त्याहून कमी. मध्येच काही सेकंद ठोका पडतही नाही. तेवढ्यात मेंदूला रक्त कमी पडते. डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस कोसळतो. पुन्हा ठोके सुरू झाले की शुद्धीवर येतो. उठून बसतो. "मला काय झाले?" असे विचारतो.

ही बाहेरची बाधा नव्हे

समजा, एक म्हातारी बाई रोवणीला बांधीत गेली. उभी होती ती धाडकन चिखलात पडली. थोड्या वेळाने उठली. आठ दिवसांनी विहिरीवर पुन्हा पडली. लोक काय म्हणतात? "बाहेरचे लागले." "उतारा टाका." कोणी पुजाऱ्याकडे नेतो. कोणी कांदा फोडून नाकाला लावतो, कोणी चप्पल हुंगायला देतो. थोड्या वेळाने ती उठते. सगळ्यांना वाटते, गुण आला.

बंधूंनो, ती कांद्याने उठली नाही. हृदयाचा ठोका परत आला म्हणून उठली. पुढच्या वेळी तो येईलच असे नाही. ती विहिरीच्या काठावर पडली तर काय होईल, याचा विचार करा.

चक्कर काही एकाच कारणाने येत नाही. उन्हाने येते, उपासाने येते, अंगात रक्त कमी असले तरी येते. फिट निराळी. काही औषधांनीही नाडी मंद होते. शिवाय काही धडधाकट, कष्टाच्या माणसांची नाडी मुळातच मंद असते आणि त्यांना काही त्रास नसतो. म्हणून नुसत्या आकड्याने घाबरू नका. पण माणूस एकाएकी पडतो, त्याला दम लागतो, थकवा हटत नाही आणि नाडी पन्नासाच्या खाली भरते, असे असेल तर घरी बसू नका. दवाखान्यात जा आणि म्हणा, "आम्ही नाडी मोजली, इतकी भरली." तेथे हृदयाच्या विजेचा आलेख काढतात. त्याला ईसीजी म्हणतात. छातीला आणि हातापायांना तारा लावतात. दुखत नाही. कागदावर रेघा उमटतात. पाटील थकला की कोतवाल अडला, ते डॉक्टरांना त्या रेघांवरून समजते.

माणूस पडला तर त्याला सपाट निजवा. पाय थोडे उंच करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. भोवतीची गर्दी हटवा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध जोराने आणि भराभर दाबत राहा. दुसऱ्याने १०८ क्रमांकाला फोन करून गाडी बोलवावी.

बुटाच्या पॉलिशच्या डबीतले यंत्र

आता यंत्राची गोष्ट ऐका. स्वीडन नावाचा एक थंड देश आहे. तेथे आर्ने लार्सन नावाचे ४३ वर्षांचे गृहस्थ होते. त्यांचा कोतवाल पुरता अडला होता. दिवसात वीस-तीस वेळा ते बेशुद्ध पडत. त्यांच्या बायकोने ऐकले की एक डॉक्टर आणि एक इंजिनियर हृदयाला वीज देणाऱ्या यंत्रावर काम करीत आहेत. डॉक्टरांचे नाव ओके सेनिंग. इंजिनियरांचे नाव रूने एल्मक्विस्ट. बाई त्यांच्याकडे गेली. ते म्हणाले, माणसाच्या अंगात बसवायचे यंत्र अजून तयार नाही. बाई म्हणाली, मग तयार करा. तिने पाठ सोडली नाही.

एल्मक्विस्ट यांनी यंत्र जुळवले. त्यावर राळेसारखा पदार्थ ओतून घट्ट केला. त्यासाठी साचा कोणता घेतला? बुटाच्या पॉलिशची डबी! ८ ऑक्टोबर १९५८ रोजी ते लार्सन यांच्या अंगात बसवले. काही तासांतच ते बंद पडले. दुसरे बसवले. तेही फार टिकले नाही. पण काम सोडले नाही. पुढे वरचेवर चांगली यंत्रे निघाली आणि लार्सन यांना ती बदलून बसवत गेले. त्यांच्या आयुष्यात वीसहून अधिक यंत्रे झाली. ज्यांनी यंत्र केले ते एल्मक्विस्ट १९९६ साली वारले. ज्यांनी बसवले ते सेनिंग २००० साली वारले. आणि रोजच बेशुद्ध पडणारे लार्सन २००१ साली, ८६ व्या वर्षी वारले. तेही हृदयाने नव्हे, दुसऱ्याच आजाराने.

त्या बाईने विचारले नसते, तर ही गोष्ट घडली नसती. विचारणे मोठे काम आहे.

आजचे यंत्र

आजचा पेसमेकर लहानशा चपट्या डबीएवढा असतो. वजन फार तर चार-पाच तोळे. तो गळ्याच्या हाडाखाली, बहुधा डाव्या बाजूला, कातडीच्या आत बसवतात. त्यातून एक किंवा दोन बारीक तारा निघतात. त्या शिरेतून हृदयात नेतात. छाती उघडावी लागत नाही. तेवढी जागा बधिर करतात. माणूस बहुधा जागाच असतो.

हे यंत्र म्हणजे हृदयाचा दुसरा कोतवाल. तो सतत कान देऊन असतो. पहिल्या कोतवालाने वेळेवर हुकूम पोचवला, तर हा गप्प बसतो. ठोका चुकला, तर हा लगेच इशारा देतो. सेल साधारण आठ ते बारा वर्षे चालतो. सेल संपत आला की नवी डबी बसवतात. आता तर तार नसलेले, औषधाच्या कॅप्सूलसारखे यंत्रही निघाले आहे. ते थेट हृदयातच ठेवतात. आणखी एक बारीक पट्टी असते. ती वीज देत नाही. कातडीखाली राहून ठोक्यांची नोंद तेवढी ठेवते. माणूस का पडतो ते ईसीजीत सापडले नाही, तर तिचा उपयोग होतो.

हे यंत्र नाडी मंद झालेल्या रोगावर आहे. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली असेल, तर तो आजार निराळा आणि उपायही निराळा.

पैशाचे काय?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असणार. मुंबईच्या वांद्र्यातील होली फॅमिली इस्पितळाची हकिकत सांगतो. अमेरिकेत वारलेल्या माणसांच्या छातीतले पेसमेकर त्यांच्या घरच्यांनी दान दिले. असे १२१ गोळा झाले. त्यांपैकी ज्यांचा सेल पुरेसा उरला होता, असे ५३ निवडले. ते नीट तपासले, निर्जंतुक केले आणि मुंबईतील गरीब रोग्यांना बसवले. कोणालाही जंतूंची लागण झाली नाही. यंत्रही बंद पडले नाही. हे सर्व २०११ साली छापून आले. एकाचे काम संपले, त्यावर दुसऱ्याचा संसार उभा राहिला. मात्र हे काम तज्ज्ञांच्या देखरेखीचे आहे. कोणी "जुनी मशीन स्वस्तात देतो" म्हणाला, तर त्याच्या नादी लागू नका.

आपल्यासाठी सरकारी वाट आहे. २०१२ साली राज्याची आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत आपला गडचिरोली जिल्हा होता. २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. पेसमेकर बसवणे या योजनेत येते. आता एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड जवळ ठेवा. योजनेच्या इस्पितळात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. त्याला आधी भेटा. प्रत्येक इस्पितळात प्रत्येक उपचार होत नाही, म्हणून नीट विचारून घ्या.

चामोर्शीहून गडचिरोली तीसेक किलोमीटर. तेथील जिल्हा रुग्णालयात ईसीजी होतो. पुढे नागपूरला जावे लागेल. वाट लांब आहे, हे मला ठाऊक आहे. रोवणीच्या दिवसांत घरचा एक माणूस मोडतो, रोज बुडतो. पण दोन दिवसांचा रोज आणि घरचे माणूस, यांचा हिशेब तुम्हीच करा.

यंत्र बसवल्यावर

जखम भरेपर्यंत त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नका. जड ओझे उचलू नका. पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने शेतीची कामे करता येतात. मोबाईल यंत्रावरच्या खिशात ठेवू नका. दुसऱ्या बाजूच्या कानाला लावून बोला. वेल्डिंगच्या कामापासून दूर राहा. घरातले दिवे, पंखा, टीव्ही यांची भीती नाही. इस्पितळातून मिळालेले कार्ड नेहमी जवळ ठेवा. कोणत्याही तपासणीआधी ते दाखवा. बरे वाटते म्हणून तपासणीची तारीख चुकवू नका. सेल किती उरला, ते बाहेरून कळत नाही. ते इस्पितळातच कळते.

आता एक नाजूक गोष्ट. काहींना वाटते, मशीन आहे तोवर माणसाचा जीव अडकून राहतो. तसे होत नाही. वेळ आली की हृदयाचा स्नायूच इशारा ऐकत नाही. गावच उठले, तर कोतवाल कोणाला हाका मारणार? माणूस शांतपणे जातो.

मात्र दहन करायचे असेल, तर आधी डॉक्टरांना कळवा आणि यंत्र काढून घ्या. आगीत ते फुटते. इंग्लंडात १९७६ साली दाहिनीत असा स्फोट झाल्याची नोंद आहे. आपल्याकडे तर चितेभोवती सगे-सोयरे उभे असतात. लहान पोरे असतात. यंत्र काढणे थोड्या वेळाचे काम आहे. लहानसा छेद पुरतो. त्यात मृताची विटंबना नाही. तुमच्याकडे पुरण्याची रीत असेल, तर स्फोटाचे भय नाही. तरीही ज्याच्या छातीत यंत्र आहे, त्याच्या घरात ही गोष्ट सर्वांना ठाऊक हवी. दुःखाच्या वेळी कोणाला काही सुचत नाही. म्हणून आधीच सांगून ठेवावे.

आता तुमच्यापैकी पुष्कळांना आकडे लिहिता येतात. तेव्हा घरी गेल्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसांची नाडी मोजा. वहीत नाव, तारीख आणि आकडा लिहा. महिन्याने पुन्हा मोजा. शाळेत शिकलेली मोजणी याहून चांगल्या कामी कोठे येणार?