कोरड्या घटातील ओल

बाजारात ज्याला आपण ‘सेल’ म्हणतो, त्याचे शास्त्रीय नाव शुष्क विद्युत्घट, म्हणजे कोरडा घट असे आहे. हे नाव थोडेसे फसवे आहे. या घटाच्या पोटात कोरडे असे फारसे काही नसते. किंबहुना ओल नसेल तर तो वीज देणारच नाही. त्याचा कोरडेपणा एवढाच, की आतली ओल बाहेर सांडू नये अशी काही व्यवस्था केलेली असते. ही व्यवस्था जोवर टिकते तोवर घट उपकारक. ती ढासळली की ज्या यंत्रात तो बसला असेल त्याचा घात ठरलेला. श्रोतेहो, या सांडणाऱ्या ओलीविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु दहापंधरा रुपयांच्या वस्तूने दोन हजारांचे यंत्र निकामी करावे, हा व्यवहार आपल्या घराघरांत वर्षानुवर्षे चालू आहे. पैशाचे एक वेळ सोडून देऊ. वडीलधाऱ्या माणसाला रात्री घेरी यावी, रक्तदाब मोजण्याचे यंत्र कपाटातून काढावे, आणि त्याच्या पोटात पांढरी बुरशी माजल्यासारखे दिसावे. किंवा पावसाळ्याच्या रात्री गोठ्याकडे जाताना विजेरीचे बटण दाबावे आणि उजेडच पडू नये, अशा वेळी गेलेल्या वस्तूची किंमत रुपयांत मोजता येत नाही.

ही ओल येते कोठून? 1866 साली लेक्लांशे या फ्रेंच गृहस्थाने जो घट बनविला तो काचेच्या बरणीत होता. बरणीत नवसागराचे पाणी, त्यात जस्ताची कांडी, आणि दुसऱ्या बाजूस कर्ब व मँगनीज डायॉक्साइड. नवसागर म्हणजे आपल्या कल्हईवाल्याच्या पुडीतला तोच. तारायंत्रे आणि विजेच्या घंटा या बरणीवर चालत. पण बरणी कलंडली की पाणी सांडे. पुढे 1886 च्या सुमारास गासनर या जर्मन संशोधकाने त्या द्रवाचा घट्ट लगदा केला आणि जस्ताच्या कांडीचेच भांडे बनवून त्यात तो भरला. आज आपण विकत घेतो तो साधा सेल याच वंशातला.

या रचनेतले चातुर्य आणि तिचा दोष, दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. जस्ताचे भांडे हे येथे भांडेही आहे आणि सरपणही आहे. विजेचा उपयोग करावा तसतसे ते झिजते, आणि शेवटी त्याला भोके पडतात. जी वस्तू खर्चायची तिच्याच भिंती करून आत ओल कोंडायची, असा हा संसार आहे. वरून पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे वेष्टन घालतात, त्याने गळती लांबते. टळते असे नाही. वेष्टनावर ‘हेवी ड्यूटी’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते, त्याने पुष्कळांचा गैरसमज होतो. नवसागराऐवजी मुख्यतः झिंक क्लोराइड वापरलेला हा त्याच कुळातला सुधारलेला भाऊ होय. भांडे याचेही जस्ताचेच.

मग अधिक पैसे मोजून अल्कलाइन सेल घेतला तर? 1959 च्या सुमारास बाजारात आलेल्या या सेलमध्ये रचना उलटी केलेली आहे. जस्ताची भुकटी मध्यभागी, आणि बाहेरचे भांडे पोलादाचे. ते झिजत नाही. शक्ती पुष्कळ, आयुष्य मोठे. येथवर सर्व ठीक. परंतु त्यातला द्रव पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे चांगलाच दाहक क्षार आहे, आणि जस्ताशी त्याची कुरबूर सेल नुसता पडून असतानाही चालू राहते. तीतून हायड्रोजन वायू सुटतो. सेल संपल्यावरही यंत्रातच राहिला तर हा वायू अधिक होतो. सेल फुटून अपघात होऊ नये म्हणून त्याच्या बुडाच्या बुचात एक पातळ जागा मुद्दाम ठेवलेली असते. दाब वाढला की ती फाटते, वायू निघून जातो, आणि त्याच्या मागोमाग तो क्षार पाझरतो. हवेतील कार्बन डायॉक्साइडशी त्याचा संयोग होऊन जे पांढरे स्फटिक बनतात, तीच आपण पाहिलेली ‘बुरशी’. पूर्वी हा वायू आवरण्यासाठी जस्तात थोडा पारा मिसळीत. पारा विषारी, म्हणून 1990 नंतरच्या दशकात तो बहुतेक काढून टाकण्यात आला, आणि शुद्ध जस्त व इतर धातूंचे अल्प मिश्रण यांवर काम भागविले गेले. यंत्रापेक्षा पाणी आणि माती मोलाची, म्हणून मला हा बदल योग्यच वाटतो. परंतु ‘गळणार नाही’ हे वेष्टनावरचे आश्वासन आपण किती मनावर घ्यावे, हेही त्यावरून कळते.

तेव्हा उत्तम सेल कोणता, हा प्रश्नच मुळी अपुरा आहे. कोणत्या यंत्रासाठी, असे विचारले पाहिजे. निवड सोपी व्हावी म्हणून सेलवरच बारीक अक्षरांत एक सांकेतिक खूण असते. नेहमीच्या पेन्सिल सेलवर ‘आर 6’ असेल तर तो साधा जस्ताच्या भांड्याचा, ‘एलआर 6’ असेल तर अल्कलाइन, ‘एचआर 6’ असेल तर पुनःपुन्हा विद्युत्भारित करता येणारा निकेलचा, आणि ‘एफआर 6’ असेल तर लिथियमचा. जाहिरातीची अक्षरे मोठी आणि खरी अक्षरे लहान असावयाची, हा नियम येथेही लागू आहे. आयएसआयची खूण आणि तारीख यांकडेही लक्ष असू द्यावे. दुकानाच्या दारात उन्हात टांगलेली माळ घेऊ नये. उष्णतेने सेल आतल्या आत लवकर म्हातारा होतो. नागपूर किंवा दिल्लीचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना हे अधिक समजावून सांगावयास नको.

भिंतीवरचे घड्याळ अगदी थेंबाथेंबाने वीज घेते. त्याला साधा सेल पुरतो. मात्र तो संपेपर्यंत वाट पाहू नये. घड्याळ आणि दूरनियंत्रक ही यंत्रे फार काटकसरी असतात, अर्धमेल्या सेलवरही ती चालत राहतात, आणि नेमक्या याच अवस्थेत सेल गळू लागतो. दसऱ्याला आपण घरातली यंत्रे-हत्यारे पुसून त्यांना हळदकुंकू वाहतो. त्याच दिवशी घड्याळाचा सेल बदलला तर तारीख लक्षात ठेवण्याचे श्रम वाचतील. मुलांची खेळणी आणि रोज वापरातली विजेरी यांना पुन्हा भरता येणारे निकेलचे सेल किफायतशीर पडतात. त्यांचा दाब दीड व्होल्टऐवजी सव्वा व्होल्टच्या आसपास असला तरी बहुतेक यंत्रे तक्रार करीत नाहीत, आणि ते क्वचितच गळतात. जे यंत्र महाग आहे पण महिन्यातून एकदाच लागते, त्यासाठी लिथियमचा सेल महाग असला तरी शहाणपणाचा. नाहीतर काम झाले की सेल काढून ठेवावेत. येथे एक सावधगिरी हवी. याच आकाराचा 3.7 व्होल्टचा एक लिथियम सेलही बाजारात मिळतो. आकार जुळतो म्हणून तो साध्या यंत्रात बसविला तर गळतीची वाट पाहावीच लागणार नाही.

जुन्यानव्याची मिसळ हा आपल्याकडील सार्वत्रिक रोग आहे. तीन सेलच्या विजेरीत दोन नवे आणि एक जुना घातला, की जुना लवकर रिता होतो. पण बाकीचे दोघे त्याच्यातून प्रवाह ढकलीत राहतात, त्याचे ध्रुव उलटतात, आत वायू माजतो, आणि तो फुटून वाहू लागतो. बदलावयाचे तर सर्व एकदम, एकाच जातीचे. मावळता सेल उन्हात ठेवून पुन्हा वापरणे, ही युक्ती तर खेडोपाडी प्रसिद्ध आहे. ऊब लागली की सेल घटकाभर तरतरी दाखवितो हे खरे. परंतु ती तरतरी दिवा विझण्यापूर्वीची असते. सेल टेबलावर आपटून, तो किती उसळी घेतो यावरून भरलेला की रिकामा हे ओळखण्याचाही एक प्रघात आहे. 2015 साली प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी हा प्रकार तपासला, तेव्हा असे दिसले की अल्कलाइन सेलची उसळी त्याची शक्ती निम्म्यावर येण्याच्या आतच पुरती वाढलेली असते. म्हणजे न उसळणारा सेल ताजा, हे बरोबर. उसळणारा टाकाऊच, हे मात्र नव्हे.

सरकारी कोठारांचा माझा थोडाबहुत परिचय आहे. पावसाळ्यापूर्वी, नियंत्रण कक्ष उघडण्याच्या वेळी, एका कचेरीतील विजेऱ्या माझ्यासमोर काढण्यात आल्या. नोंदवहीत त्या सर्व ‘चालू स्थितीत’ होत्या. प्रत्यक्षात निम्म्यांची झाकणेच उघडेनात. मागील वर्षीचे सेल आत फुगून नळीला घट्ट बसले होते. गंमत अशी, की नोंदवहीत विजेऱ्या आणि सेल यांची पाने वेगवेगळी होती. हा वेगळेपणा कागदावर न ठेवता कपाटात ठेवला असता, तर पुराच्या तोंडावर ती खरेदी पुन्हा करावी लागली नसती. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारताना त्या दरात यंत्राची किंमत धरलेली नसते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

एवढे करूनही गळती झालीच तर यंत्र लगेच टाकून देऊ नये. हातात रबरी मोजे घालावेत, डोळे सांभाळावेत, आणि सेल काढून घ्यावेत. अल्कलाइन सेलची पांढरी पूड क्षारधर्मी असते. कापसाच्या बोळ्याला थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून ती पुसावी. साध्या सेलचा चिकट द्रव आम्लधर्मी असतो. त्याला खाण्याच्या सोड्याचे पाणी चालते. मग स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावे, आणि पितळी पट्ट्यांवर हिरवट थर असेल तर बारीक काचकागदाने हलकेच घासावा. गळलेले आणि संपलेले सेल रोजच्या कचऱ्यात टाकू नयेत. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुने सेल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. आपल्या गावात संकलनाची सोय कोठे आहे ते नगरपालिकेत किंवा दुकानदाराकडे विचारावे. तोवर ते एखाद्या प्लॅस्टिकच्या डब्यात, मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत. शेगडीत किंवा शेकोटीत मात्र कधीही टाकू नयेत. तापलेला सेल फुटतो.